वरात परत पाठवणाऱ्या मॅडम

गजभिये मॅडम आमच्या केंद्रात रुजू झाल्या त्या दिवशीच मेल्या.

सकाळची ओपीडी भरात होती. मी औषधाच्या खिडकीत बसलो होतो. नव्या डॉक्टरीणबाई येणार एवढंच माहीत होतं, तोंड कोणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात पांढऱ्या साडीतली एक ठेंगणी, जाडसर बाई व्हरांड्यात आली, भिंतीला टेकली आणि सरळ फरशीवर आडवी झाली. सगळे धावलो. उईके सिस्टर पाण्याचा गिलास घेऊन आली, चपराशी टॉवेलनं वारा घालू लागला, मी ओरडलो की अरे कोणी तरी डॉक्टरला बोलवा. बाईनं एक डोळा उघडला.

"डॉक्टर मीच होय," ती म्हणाली. "आन मी मेली. पानी पाजून मारलं तुम्ही मले. बेशुद्ध मानसाच्या तोंडात पानी घालतेत का कोनी? नापास."

मग उठल्या, साडी झटकली आणि ओळख करून घेतली. चपराश्याला जयभीम, उईके सिस्टरला जयसेवा, मला राम राम. माणूस पाहून नमस्कार बदलायची ही रीत त्यांनी कधी सोडली नाही. मी बिसेन, त्या केंद्रातला औषधवाला. अजूनही तिथंच आहे. केंद्र सालेकसा तालुक्यात, जंगलाला लागून. गावाचं नाव सांगत नाही. सांगून फायदा काही नाही, आणि नोटिसा आम्हाला आधीच पुरेशा आल्या आहेत.

त्यानंतर मॅडम किती वेळा मेल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाही. कधी दम लागून, कधी साप चावून, कधी तापानं फणफणून. वेळ ठरलेली नसायची, पण डबा उघडला की हमखास. मला संताप यायचा, खरं तेच सांगतो. पोळीचा तुकडा भाजीत बुडवावा आणि बाहेरून आवाज यावा, "बिसेनजी, मले नाग चावला." मनात यायचं, बाई, नाग तुम्हाला पाहून वाट बदलेल. पण उठावं लागायचं. नाही उठलो तर त्या तशाच पडून राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटला सांगायच्या, "पाहून घे बाप्पा, तुले चावला तरी हा मानूस असाच जेवत राहीन."

एकदा तर भर आठवडी बाजारात पडल्या, सुक्या मासोळीच्या दुकानापुढं. मी पिशवी घेऊन मागंच होतो, पण मला आधीच दम दिला होता की तोंड उघडायचं नाही. गर्दी जमली. कोणी नाकाला कांदा लावला, कोणी चप्पल. एक म्हातारी म्हणाली की हिले बाहेरचं लागलं, लिंबू आना. शेवटी मोटारसायकलवाल्या एका गड्यानं मॅडमला मधे बसवलं, मागं आपल्या बायकोला आधाराला बसवलं आणि केंद्राच्या दारात आणून उतरवलं. मॅडम उतरल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, "कांदा हुंगवला ते माफ. गाडीची वाट पाहत बसले नाही, हे खरं. बाजार पास." त्या गड्याला काय चाललंय ते कळेना. त्याचा नंबर मॅडमनी केंद्राच्या भिंतीवर खडूनं लिहिला, अँब्युलन्सच्या नंबरच्या वर.

एक दिवस मी चिडून विचारलंच, "मॅडम, हे काऊन करता तुम्ही? वर्षातून एकदा मॉक ड्रिल करा म्हणून आदेश आहे. एकदा करू, फोटो काढू, पाठवून देऊ."

मॅडमचं माहेर बिरशीचं, गोंदियाच्या विमानतळाला लागून. बाप दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवण्याला जायचा, आई विड्या वळायची. भावाची थोडी शेती आता तिथंच आहे.

"माहेरी गेली का मी बांधीवर बसून इमानं पाहते," त्या म्हणाल्या. "शिकाऊ पोट्टे असतेत त्याच्यात. इंजिन बंद पडलं तं काय करायचं, हे ते पोट्टे वर जाऊन करून पाहतेत. घडीघडी करतेत. आपली बांधी खाली, इमान वर, आन त्याचा आवाज एकदम कमी होते. भावजय घाबरते, मी नाही घाबरत. मले बरं वाटते. मनात म्हनते, चला, कोनी तरी हाय या देशात जो पडायच्या आधी शिकून राहिला."

डबा बंद करून त्यांच्या मागं गेलो.

माघात कचारगडची यात्रा भरते. कुठून कुठून गोंड समाज येतो, दरेकसा स्टेशनात उतरणाऱ्या माणसांची रीघ संपत नाही. पायथ्याशी आमचा आरोग्याचा मंडप असतो. इतक्या माणसांत हगवण सुरू झाली तर खाली निरोप केव्हा मिळेल, हा मॅडमचा घोर. ठरलेली व्यवस्था अशी की वरच्या स्वयंसेवकानं पोलिसाला सांगायचं, पोलिसानं वायरलेसवर बोलायचं आणि ते मंडपात यायचं. मॅडमनी उईके सिस्टरला वर डोंगरातल्या गुहेकडं पाठवलं आणि सांगितलं, वर गेली का एक खोटी हगवण लावून दे.

आम्ही मंडपात बसलो. वायरलेस गप्प. मॅडम मुरमुरे खात बसलेल्या. मग वरून किटली घेऊन उतरणारा एक चहावाला सहज मंडपात डोकावला आणि म्हणाला, "बाई, वर कोनाले तरी जोरदार हागवन लागली म्हनते. माझी चाय नाही पेली त्यानं, हे आधीच सांगून ठेवतो."

मॅडम इतक्या हसल्या की मुरमुरे सांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यात्रेतले सगळे चहावाले मंडपात बसवले आणि प्रत्येकाच्या झोळीत जलसंजीवनीची पाकिटं घातली. तिथले पोलीस अधिकारी भडकले. वायरलेस असताना हे काय म्हणे. मॅडम म्हणाल्या, "तुमचा वायरलेस नापास झाला साहेब. रागावू नोका. नापास पोराले टूशन लावतेत, पास पोराले कोनी इचारत नाही. तुमाले टूशन लावतो आमी." अधिकारी आणखी भडकले. पण संध्याकाळी त्यांचाच शिपाई चहावाल्याला विचारत होता, वर सगळं ठीक ना.

हे टूशनचं वाक्य मॅडम कुठंही बोलायच्या आणि आम्ही हसायचो. ते त्या किती खरं धरून चालतात हे आम्हाला वरातीच्या वेळी कळलं.

झालं असं, दिल्लीहून एक पथक निघणार होतं. उद्या पुन्हा मोठी साथ आली तर देश कितपत तयार आहे, हे बघायला. सगळा देश काही बघून होत नाही, म्हणून थोडे जिल्हे निवडले आणि त्या जिल्ह्यांतली थोडी केंद्रं. त्यात आमचं निघालं. नशीब म्हणतात ते हे.

आता असं पथक यायचं म्हटलं की त्याच्या पुढं पुढं वरात चालते. वरात हा आमचा शब्द, सरकारी नाही. एक टेम्पो असतो. त्यात ऑक्सिजनची चांगली मशीन, नवं जनरेटर, घडीचं स्ट्रेचर, किटचे खोके आणि "आपत्कालीन कक्ष" असं छापलेला एक मोठा फ्लेक्स. पथक यायच्या आदल्या दिवशी हे सगळं केंद्रात उतरतं. एखादी अडगळीची खोली झाडतात, फ्लेक्स ठोकतात, मशीन मांडतात. पथक पाहतं, पास करतं. पथकाची गाडी वळणावर दिसेनाशी झाली की टेम्पो पुन्हा भरतो आणि दुसऱ्या रस्त्यानं पुढच्या केंद्रात पोचतो. मशीन बिचारी जिल्हाभर फिरते, पण कोणाच्या नाकाला लागत नाही.

टेम्पो आमच्या फाटकात आला तेव्हा मॅडम आडव्या उभ्या राहिल्या. "हे इथं राहायले आलं का दाखवायले?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, उद्या पथक गेलं की न्यायचं आहे. "मंग फिरव गाडी."

मी म्हणालो, "मॅडम, घेऊन टाका. नापास झालो तर चौकशी सगळ्यांची लागेल." उईके सिस्टरही म्हणाली, घेऊन टाका. ड्रायव्हरनं साहेबांना फोन लावायचं म्हटलं. पण आमच्या केंद्रात सिग्नल नाही. तो मिळतो रस्त्याच्या वळणावरच्या मोहाच्या झाडाखाली. म्हणून मॅडम पुढं, ड्रायव्हर मागं आणि त्यामागं आम्ही सगळे, अशी आमची आणखी एक वरात झाडाखाली गेली. साहेब म्हणजे आमचे वरचे अधिकारी, पथकाची सारी व्यवस्था त्यांच्याकडं. मॅडमनी फोनचा आवाज मोठा केला.

"मॅडम, एका दिवसाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "सगळी केंद्रं घेतात. तुम्हीच काय जगावेगळ्या?"

"मीबी घेतली होती साहेब."

"मग?"

"माझ्या आधीच्या केंद्रात. वरात आली, उतरवून घेतली, फ्लेक्स मीच सरळ करून लावला. पास झाली. मशीन गेली. मंग करोनाचा दुसरा फेरा आला. गावातला एक मास्तर माझ्यापुढं श्वासासाठी तडफडून राहिला होता आन मी फोनवर मशीन मागून राहिली होती. फोनवरचा मानूस म्हने, मॅडम, तुमच्याकडे तं मशीन हाय, तपासनीत दिसली. जिथं नाही तिथं आधी पाठवतो. बरोबर बोलला तो. त्याचं काही चुकलं नाही." मॅडमचा आवाज चढलेला नव्हता, हेच आम्हाला जड गेलं. "त्या मास्तराच्या बायकोले मी काय सांगितलं असन साहेब? तुमीच सांगा."

मग साहेब म्हणाले, "पाहा मग. तुमच्या जबाबदारीवर."

"माझ्याच जबाबदारीवर हाय ते," मॅडम म्हणाल्या आणि फोन ड्रायव्हरच्या हातात दिला. टेम्पो फिरला. मी पुन्हा घेऊन टाका म्हणालो नाही. त्या दिवशी मला ती बाई पहिल्यांदा मनापासून आवडली आणि मनापासून भीतीही वाटली.

पथक आलं. दोघं कागद सांभाळणारे आणि एक दिल्लीचे डॉक्टर, सडपातळ, पांढरे केस, पायात पळायचे बूट. सोबत साहेब होतेच, चेहरा सुतकी. आम्ही गुलाबाची फुलं घेऊन रांगेत उभे. दिल्लीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि मॅडम म्हणाल्या, "सर, पूछने से क्या होगा, देख ही लीजिए." व्हरांड्यात आडव्या झाल्या. "मुझे तेज बुखार है, साँस नहीं आ रही. मेरे टोले में और भी लोग ऐसे ही पड़े हैं. अब आप कीजिए जो करना है."

साहेब म्हणाले, "मॅडम, उठा. हे काय चाललंय."

दिल्लीचे डॉक्टर म्हणाले, "नहीं, नहीं. चलने दीजिए." आणि बाह्या सरसावल्या. माणूस भला होता, खोटं कशाला बोलू.

उईके सिस्टरनं न सांगता मॅडमला कुशीवर वळवलं आणि आमची जुनी मशीन ओढत आणली. लावली आणि लाइट गेली. आमच्याकडं लाइट पाहुणे पाहून जाते. डॉक्टरांनी विचारलं, जनरेटर? चपराश्यानं मागची पडवी दाखवली. डॉक्टर स्वतः गेले, पत्रा बाजूला केला, तर आतून कोंबडी बाहेर आली. चपराश्याचीच कोंबडी. जनरेटरच्या पोटात ती बरेच दिवस अंड्यावर बसायची आणि जनरेटर त्याच्या आधीपासून बंद होतं. अँब्युलन्स? ती बाळंतीण घेऊन गोंदियाला गेलेली. मग वर कळवायचं तरी कसं? मी मोहाच्या झाडाकडं बोट दाखवलं.

मोहाचे दिवस होते. झाडाखाली बाया फुलं वेचत होत्या. डॉक्टर हात वर करून, फोन आभाळाकडं धरून त्यांच्यामध्ये फिरू लागले. एक बाई म्हणाली, "सायेब, फुलावर पाय पडून राहिला." डॉक्टर बाजूला झाले आणि सिग्नल गेला. पुन्हा लागला तेव्हा पलीकडच्यानं गावाचं नाव विचारलं. डॉक्टरांना ते धड म्हणता येईना, पलीकडच्याला ते सापडेना. तेवढ्यात फोन तुटला. ते घामाघूम होऊन परत आले, तेव्हा मॅडम डोळे मिटून तशाच पडल्या होत्या.

"मैं तो कब की मर गई, सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "टोलेवाले भी गए होंगे. उठू का?"

डॉक्टर पायरीवर बसले. मग म्हणाले, "मॅडम, मैं ऐसी बहुत जगहें देखकर आया हूँ. सब जगह सब कुछ था. आपने छिपाया क्यों नहीं?"

मॅडम उठून बसल्या. टूशनचं वाक्य त्यांनी हिंदीत सांगितलं. हिंदीत ते तितकं जमलं नाही, पण डॉक्टरांना पोचलं. त्यांनी मान हलवली, कागदवाल्याला बोलावलं आणि आमच्या नावापुढं लाल शेरा मारायला सांगितलं. मॅडमनी स्वतः वाकून पाहिलं, लाल नीट आहे ना. मग सगळ्यांना चहा दिला. साहेबांनी चहा घेतला नाही.

पुढं काय झालं तेही ऐका. टूशन आली नाही. जनरेटर आलं नाही, टॉवर आला नाही. आली ती नोटीस. शासनाची प्रतिमा मलिन केल्याबद्दल कारणे दाखवा. मॅडमनी उत्तरात एकच ओळ लिहिली, की कारणे दाखवली आहेत, साहेब स्वतः पाहायला हजर होते. लगेच बदली झाली. माणसं बघायची नाहीत, पेशंट बघायचे नाहीत, गोंदियाला औषधं आणि यंत्रांच्या गोदामावर बसायचं. म्हणजे ज्या गोदामातून वरात निघायची, त्याच गोदामाची किल्ली त्यांच्या हातात दिली. शिक्षा देणाऱ्याला कधी कधी एवढंही सुचत नाही.

जाताना मी म्हणालो, "मॅडम, नापास तर झालो. टूशनचा मास्तर कुठंय तुमचा?" मी रागानंच बोललो होतो. त्या म्हणाल्या, "येऊन राहिला असन. रस्ता खराब हाय." मला ते तेव्हा उडवाउडवीचं वाटलं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते त्या गोदामात. आता त्या आमच्या जिल्ह्यात नाहीत. पुन्हा बदली झाली, बरीच दूर. पण तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो.

दिल्लीचं पथक पुन्हा यायचं होतं, मागं नापास झालेली केंद्रं बघायला. आमच्यानंतर दिल्लीच्या डॉक्टरांनी आणखी काही केंद्रांवर लाल शेरे मारले होते. आमच्याकडं नवे डॉक्टर आले होते, सरळ स्वभावाचा गडी. त्यांना पास व्हायचं होतं. त्यांनी मला गोंदियाला धाडलं, वरात लवकर मागून आण म्हणून. मी गोदामात पोचलो तेव्हा मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पेरू खात होत्या. मला पाहून राम राम केला.

"मशीन न्यायला आलो," मी म्हणालो.

"तुमची गेली ना. आमगावच्या पुढं एक निळा टेम्पो दिसला असन तुमाले. त्याच्यात होती. जनरेटरबी."

मला तो टेम्पो दिसला होता. मी त्याला रस्ता द्यायला बाजूला झालो होतो. "परत केव्हा करायचं?" मी विचारलं.

"परत कायले? तुमचीच होय ते. कोंबडीले दुसरी जागा पाहून द्या."

मी आत पाहिलं. गोदाम मोकळं होतं. जनरेटर नव्हतं, मशीन नव्हत्या, स्ट्रेचर नव्हतं. लाल शेऱ्याच्या एकेका केंद्राकडं मॅडमनी एकेक वस्तू रवाना केली होती, कायमची. कोपऱ्यात फक्त तो फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला होता. मी पुरुष माणूस, औषधाच्या खिडकीत निम्मं आयुष्य गेलेला, तिथं दारात उभा राहून नाक पुसत होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. ते आत गेले, चारी भिंती पाहिल्या, बाहेर आले. "कोणाला विचारून?" ते कसेबसे म्हणाले.

"गोदाम माझ्या ताब्यात हाय. केंद्रांची मागनी होती. वस्तू पाठवल्या," मॅडम म्हणाल्या. पेरूची फोड त्यांनी साहेबांपुढं धरली. साहेबांनी ती घेतली नाही.

"तुम्हाला माहीत आहे, याचं काय होईल?"

"हव. बदली होईन. का निलंबन. मशीनीची तं नाही ना बदली होनार आता? नाकाले लागलेली मशीन काढून आनायले मानूस पाठवा साहेब, पाहू कोन जाते ते."

साहेब अगदी साध्या आवाजात, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाले, "मॅडम, उद्या पथक आधी इथंच येणार. गोदाम बघायचं आहे त्यांना. मी काय दाखवू?"

मॅडम उठल्या. दाराची एक फळी बंद होती, ती त्यांनी खांद्यानं ढकलून उघडली. ऊन आत गेलं. फरशीवरच्या धुळीत मशीनच्या पायांचे, खोक्यांचे चौकोन स्पष्ट दिसत होते. गोदामाचा चपराशी लगबगीनं झाडू घेऊन आला.

"झाडू नोको," मॅडम त्याला म्हणाल्या. "राहू दे तसंच. उद्या पाहतीन ते."